फुगीर बाजू आपल्याकडे

"रस्ता कलतोय," ड्रायव्हरकाका म्हणाले आणि त्यांनी चष्मा काउंटरवर ठेवला, काचा वर करून, ठेवायचा असतो तसा. मी म्हटलं, दोन दिवस घाला, सवय होईल. आम्ही सगळ्यांना हेच सांगतो, कारण बहुतेकांना खरंच सवय होते. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "पोरी, माझ्या मागे चाळीस माणसं बसलेली असतात. सवय कुणाकुणाला करायला सांगू?" झालं, माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, नंबर जिथून काढून आणलात तिथे जाऊन विचारा, काच मी बसवलीय आणि मी बसवलेली काच कलत नाही. आवाज बहुतेक रस्त्यापर्यंत गेला असणार, कारण समोरचा कुलूपवाला मान वर करून बघायला लागला. मामा आतून आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दुकान त्याचं. तो कधी ओरडत नाही, म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. त्याने काहीही न विचारता चष्मा मशीनला लावला, डोळा टेकवला, चकती फिरवली, आणि नुसतं म्हणाला, "वीस पाहिजे होते. एकशे साठ आहेत."

हे कळायला दुकानात बसावं लागतं. काही डोळे चेंडूसारखे गोल नसतात, थोडे लांबट असतात, आणि त्यांचा नंबर तिरका असतो. अशी काच फ्रेममध्ये ठरलेल्या कोनातच बसवावी लागते, नाहीतर माणसाला पायऱ्या कललेल्या दिसतात. वीस अंश आणि एकशे साठ अंश ही एकमेकांची आरशातली रूपं. वीसचे एकशे साठ एकाच प्रकारे होतात. काच मशीनला उलटी लावली, तर. पहिल्या दिवशी मामाने मला बाकी काही शिकवलं नव्हतं, फक्त हे: फुगीर बाजू आपल्याकडे, खोलगट बाजू मशीनकडे, मग शाईचे तीन ठिपके. मी ते तोंडाने म्हणत म्हणत काचा लावायचे. दीड वर्षात एकदाही चुकलं नव्हतं. "हे चुकायला माणूस एकतर नवखा लागतो," मामा म्हणाला, "आणि नवखी तर तू नाहीस." वाक्याचा दुसरा अर्धा भाग तो बोलला नाही. काकांना म्हणाला, उद्या नवीन काच बसवून देतो, आजचा दिवस जुना चष्मा घाला. काका गेले. मामाने दाराची पाटी उलटी केली, दुकान बंद, भर सकाळी अकरा वाजता, आणि म्हणाला, "करवत, गॉगल काढ."

करवत मी. माझ्या जिभेवरून ठेवलेलं नाव आहे. गॉगल त्याचाच जुना, दहा दिवस मी दुकानात घालून बसत होते आणि विचारलं की म्हणत होते, फॅशन आहे, तुला नाही कळायचं. काढला तसा खिडकीतला उजेड उजव्या डोळ्यात सुईसारखा घुसला. मामा जवळ आला. मी म्हटलं, काच घासायच्या चाकाची धूळ गेलीय. "किती दिवस?" "तीन आठवडे." "तीन आठवडे धूळ," मामा म्हणाला, आणि स्टुलावर बसला.

खरं सांगायचं तर धूळ नाही हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मला कळणार नाही असं डोळ्याच्या बाबतीत काही नव्हतंच. दुकानाच्या उंबऱ्यावर उभं राहून पलीकडच्या माणसाच्या चष्म्याचा कुठला स्क्रू ढिला आहे ते मी सांगायचे, मामा पैज लावायचा आणि हरायचा. त्यामुळे एक दिवस बल्बला केस आलेले दिसले तेव्हा मी बल्ब पुसला. मग काचेवर कुणीतरी हाः करून वाफ सोडल्यासारखं सगळं झालं, पण फक्त उजवीकडे. मग काळे धागे. मान वळवली की तेही वळायचे, थांबले की हळूच खाली बसायचे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर घासायच्या चाकावरून उठवतील, आणि त्या चाकाशिवाय माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, ना शाळा, ना मैत्रीण, ना संध्याकाळी कुठे जायचं ठिकाण. म्हणून मी डाव्याने बघायला शिकले. चहा ओतताना मान तिरकी, जिना उतरताना हात भिंतीला. आणि मशीनसमोर फुगीर बाजू माझ्याकडे केली की तिच्यात बल्ब चमकायचा, तो असा टोचायचा की डोळ्याचं पाणी गालावर. उलटी केली की टोचायचा नाही. हाताने आपला आपण निर्णय घेतला होता, मला न विचारता. आणि साध्या नंबराची काच कशीही लावली तरी बिघडत नाही, म्हणून कुणी परत आलं नाही. तिरक्या नंबराची माणसं परत यायला सुरुवात व्हायची होती. मामाने पाकिटं काढली. प्रत्येक चष्म्याचं एक पाकीट असतं, वर नाव आणि नंबर. तीन आठवड्यांतली तिरक्या नंबराची पाच निघाली. तो एकेकाला फोन करत बसला, आणि मी गॉगल हातात धरून उभी. शेवटचा फोन ठेवून म्हणाला, "डोळा बरा होऊन डॉक्टरचा कागद आणशील तेव्हाच चाकाला हात लावायचा. तोवर नाही." मी म्हटलं, आणि बरा नाही झाला तर? मामा म्हणाला, "कोट घाल. आईला वाटेतून फोन करू."

ड्रॉवरमध्ये सगळ्यात खाली अजून एक पाकीट होतं, निळं, नाव नसलेलं. मामाने ते पाहिलं आणि परत ठेवलं. त्याला माहीत होतं ते कुणाचं.

डॉक्टरबाईने माझ्या डोळ्यात उजेडाची चीर सोडली, आधी उजव्या, मग डाव्या. आई माझ्या मागे उभी, तिच्या पर्सची चेन उघडतेय, बंद करतेय. आई कपडे अल्टर करते, तिला रिकामे हात ठेवता येत नाहीत. मग डॉक्टरबाई खुर्ची मागे सरकवून म्हणाली, डोळ्याच्या आत सूज आहे. जंतू नाहीत, धूळ नाही, मार नाही. "मग कोण आहे?" मी विचारलं. "तूच," ती म्हणाली. मला वाटलं टोमणा मारतेय, मी उठायलाच निघाले, आईने खांदा दाबला. डॉक्टरबाईला असल्या पोरी रोज भेटत असणार, ती शांतपणे पुढे बोलली. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, बाहेरून कुणी घुसलं की धावून जातात. त्यांच्यातल्या काही मदतनीस पेशी. त्या स्वतः कुणाला मारत नाहीत. त्यांना फक्त कुणीतरी घुसलेल्याचा एक तुकडा आणून दाखवतं, त्या ओळखतात, हाच तो, आणि निरोप सोडतात. मग बाकीच्या तुटून पडतात. "तुझ्या मदतनीस पेशींनी तुझ्या डोळ्यातलंच काहीतरी परकं म्हणून ओळखलंय. डोळ्याच्या आतलं सामान त्यांना लहानपणी फारसं कुणी दाखवलेलं नसतं. कधीतरी एखाद्या जंतूचा तुकडा तसाच दिसला असेल. सारखा दिसला, झालं." आईने विचारलं, "म्हणजे चूक कुणाची, डॉक्टर?" डॉक्टरबाई म्हणाली, "चूक कुणाची हे शोधण्यापेक्षा थेंब वेळेवर घाला. पहिला आठवडा दर तासाला. मग मी सांगेन तसे कमी करायचे. आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. बंद केले आणि डाग बसला, तर तो डोळा मी परत देऊ शकणार नाही." मी मान हलवली. पण मी ऐकत नव्हते. मी 'हाच तो' वरच अडकले होते.

कारण मी म्हटलं होतं, हिनेच. दीड वर्षापूर्वी, वर्गात, मधल्या सुट्टीनंतर. एकीचा फोन गेला होता आणि सगळ्या बाकांखाली शोधत होत्या. मी खिडकीत बसले होते, पाय हलवत. मला आठवलं की सुट्टीत माझ्या बाकावरची मुलगी, जिला आम्ही भिंग म्हणायचो, घाईघाईने काहीतरी काळं पिशवीत सरकवत होती. भिंग हे नाव मीच ठेवलेलं, तिच्या जाड चष्म्यावरून, आणि तिने ते हसून घेतलं होतं. वह्या एकत्र, डबा एकत्र, घरी जायचा रस्ता एकत्र. आणि तरी मी खिडकीतून ओरडले, "हिनेच. मी पाहिलंय." माझं डोकं तेव्हा कशावरून तापलेलं होतं ते आता आठवतही नाही. माझ्या नजरेवर सगळ्यांचा विश्वास, मी पाहिलंय म्हटलं की पाहिलंय. सहाजणी तिच्यावर धावल्या. मी जागची हललेसुद्धा नाही. पिशवी ओढली, ती बाकाच्या कडेवर आपटली, हनुवटी फुटली, तीन टाके पडले. पिशवीतून चष्म्याची काळी डबी निघाली. फोन नंतर फोनवालीच्याच कोटाच्या अस्तरात सापडला, खिसा फाटला होता. सहाजणींना पंधरा दिवस घरी बसवलं. मला कुणी बोलावलंच नाही. माझा हात कुणाला लागला नव्हता. भिंगनेही नाव घेतलं नाही. तीन दिवस मी वर्गात जाऊन तिच्या रिकाम्या जागेशेजारी बसले, चौथ्या दिवशी दप्तर घेऊन निघाले ती मामाच्या दुकानात. खिशात तिचा चष्मा होता. गोंधळात तो जमिनीवर पडला, कुणाचा तरी पाय पडला, आणि मी उचलून खिशात टाकला होता, का ते विचारू नका. मामाला म्हटलं, याला काच कशी बसवतात ते शिकव. तिरका नंबर होता. मी घासलेली पहिली काच तीच. निळ्या पाकिटात ठेवली आणि शाळेत गेले नाही. आई ओरडली, रडली, मग ओरडायची थांबली. पाकीट तिथेच.

थेंबांनी जादू केली. नवव्या दिवशी मी उठले आणि वाफ नव्हती. खिडकीबाहेर तारेवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं मला मोजता आली, उजव्याने, डावा झाकून. मी मामाला फोन केला, म्हटलं, झाले बरी, येते. मामा म्हणाला, कागद? मी म्हटलं, आणते. आणि बाटली कपाटात टाकली. दर तासाला मान वर करून बसायचं, बाहुली मोठी करणाऱ्या दुसऱ्या थेंबाने दिवसभर वाचता येत नाही, आणि घड्याळाचा गजर झाला की आई शिवण टाकून येते, "डोळा उघड, चिमटीत धरू नकोस पापणी." मला या सगळ्याचा कंटाळा आला होता. शिवाय मला स्पष्ट दिसत होतं. माझ्यासारखीला दिसत असताना कोण सांगणार की दिसत नाही. गजर बंद केला, आईला रोज म्हणायचे, माझे मीच घातले. पाचव्या दिवशी पहाटे डोळा असा ठणकला की मी उशीत तोंड खुपसून आईला हाक मारली, आणि मी तिला बऱ्याच दिवसांत हाक मारली नव्हती, ती सुईदोरा हातात घेऊनच आली.

"बंद केलेस," डॉक्टरबाई म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली. मी म्हटलं, बरं वाटत होतं. "बरं वाटतच होतं. बसलेली सूज आणि गेलेली सूज यात फरक असतो." मग तिने आरसा दिला. उजव्या डोळ्याची बाहुली गोल नव्हती. खालच्या बाजूला ती आत ओढल्यासारखी, चावीच्या भोकासारखी झाली होती. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा मागच्या भिंगाला चिकटला होता. मी काचा घासते, गोल नसलेलं गोल मला दुरूनही कळतं. डॉक्टरबाई म्हणाली, थोडं सुटेल, सगळं नाही सुटणार. आता नुसत्या थेंबांनी भागायचं नाही, आठवड्यातून एकदा एक पिवळी गोळी, वर्षभर किंवा जास्त, दर महिन्याला रक्त तपासायचं. ती गोळी अंगातल्या सगळ्याच भडक पेशींना थोडं शांत करते. आईने घसा साफ केला. "डॉक्टर, ती गोळी हिच्या तोंडावर पण चालेल का?" डॉक्टरबाई पहिल्यांदा हसली. मी हसले नाही. मी विचार करत होते, शांत केलेली मी म्हणजे कोण. मामाची करवत बोथट झाली तर दुकानात काय उरणार. मी म्हटलं, मी नाही घेणार. आईच्या पर्सची चेन थांबली. डॉक्टरबाईने टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. अभ्यासासाठी दोन नळ्या रक्त हवं होतं, तिसऱ्या मजल्यावर एक बाई याच पेशींवर काम करते. "हे नको असेल तर याच्यावरही सही नको. जबरदस्ती नाही." मी कागद वाचला. सतरा पूर्ण, अठरा नाही, म्हणजे आईचीही सही. मी म्हटलं, रक्त देते, पण एका अटीवर. मला बघायच्यात त्या. कोण आहेत ते मला बघायचंय.

तिसऱ्या मजल्यावरची बाई पन्नाशीची, केस कापलेले, आणि तिचा चष्मा डावीकडे दोन मिलिमीटर खाली. दोन दिवसांनी मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा ती काय सांगत होती ते मला ऐकूच येईना. म्हटलं, आधी चष्मा द्या. ती बावरली, पण दिला. मी दांडी तळहातात धरून गरम केली, कानामागचा वाक थोडा सोडवला, नाकावरची गादी चिमटीने आत घेतली. परत घालून ती म्हणाली, "अरे वा. मला वाटत होतं माझे कानच वर-खाली आहेत." "सगळ्यांचे असतात. चष्मा त्याप्रमाणे वाकवायचा." मग ती मला अंधाऱ्या खोलीत घेऊन गेली. अंधारात माझा डोळा सुटल्यासारखा मोकळा झाला. पडद्यावर काळ्याभोर पाण्यात फिकट गोळे. शंभर असतील. सगळे सारखे.

"या माझ्या?"

"तुझ्याच. परवाच्या नळीतल्या."

"यातली वाईट कुठली?"

"बघून कळत नाही."

"मग तुम्ही दिवसभर इथे काय करता?"

ती नाकातून हसली. म्हणाली, त्या काय बोलतायत ते ऐकतो. हल्ल्याचा निरोप बनवणारी असेल तर तिला हिरवा रंग चढतो, शांत बसा म्हणणारी असेल तर लाल. तिने एक बटण दाबलं आणि गोळ्यांतले काही पेटले. बरेचसे हिरवे. थोडे लाल. मी डावा डोळा झाकून उजव्याने बघितलं, मग उजवा झाकून. धुक्यातूनसुद्धा हिरवे जास्त होते. मी म्हटलं, हिरव्या सगळ्या मारून टाका ना मग. "मग साध्या सर्दीने आडवी होशील. या हिरव्यांनीच तुला इतकी वर्षं जगवलंय. रोज. तू शाळेत भांडत होतीस तेव्हासुद्धा." मी भांडायचे हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, बहुतेक माझ्या तोंडावरच लिहिलेलं असतं. ती पुढे बोलत होती, हळू, चष्मा बोटाने चाचपत, तो खरंच सरळ आहे की नाही ते बघत. "मी शिकत होते तेव्हा आम्हाला चौकटी काढून दिल्या होत्या. ही भडकवणारी, ही शांत करणारी. एकदा चौकटीत पडली की जन्मभर तीच. परीक्षेत तसंच लिहायचं. मी लिहिलं, पहिला नंबर आला." "आणि?" "आणि चूक होतं. हे बघ." तिने एका कोपऱ्यात चित्र मोठं केलं. एक गोळा होता, हिरवा नाही, लाल नाही, पिवळट. मी म्हटलं, ही बिघडलीय. "हिच्यात दोन्ही निरोप आहेत. हिरवा आणि लाल एकावर एक आले की पिवळं दिसतं." "पण कुठल्या बाजूची?" "ते सांगता येत नाही. शांत करणारी भडकायला निघाली असेल. किंवा भडकवणारी शांत व्हायला. हा फोटो आहे. फोटोत पाऊल उचललेलं दिसतं, कुठे पडणार ते दिसत नाही."

मी खूप वेळ त्या पिवळीकडे बघत बसले. बाई घाई करत नव्हती. मला चीड आली, खरी, पोटातून, की एवढं मोठं मशीन, एवढे रंग, आणि वाईट कुठली ते सांगता येत नाही. मी तर खिडकीत बसून एका सेकंदात सांगितलं होतं. मग चीड निम्म्यात थांबली, कशी ते माहीत नाही, जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती आधीच संपलेली असावी तशी. मी विचारलं, "कशावर ठरतं? कुठे पडणार ते?" "आजूबाजूला काय चाललंय त्यावर बरंचसं. सूज असली की शांत करणाऱ्याही हल्ल्याचे निरोप सोडायला लागतात, आम्ही पाहिलंय. सूज खूप दिवस खाली धरून ठेवली की काही भडकवणाऱ्या वळतात. काही. सगळ्या नाही. किती आणि का, ते अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणून तर तुझं रक्त घेतलं." "म्हणजे गोळीने त्या मरत नाहीत." "काही मरतात. बाकीच्यांना गोंगाट कमी मिळतो. नऊ दिवसांत कुणी वळत नाही, बाळा." बाळा मला कुणी म्हणत नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला खाल्लं असतं. मी म्हटलं, पिवळीचा फोटो मिळेल? ती म्हणाली, नियमात नाही. मग म्हणाली, "तुझीच आहे, बघून घे नीट. नजर चांगली आहे तुझी."

आई खाली बाकावर बसली होती. मी म्हटलं, गोळी कुठल्या वारी घ्यायची? तिने पर्स बंद केली. घरी गेल्यावर कॅलेंडरवर दर बुधवारी पिवळ्या दोऱ्याची गाठ घातली, वर्षभराची, सुईने कागद टोचून. पेन होतं घरात. पण ती तिची पद्धत.

गोळीने काय होतं ते सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. गुरुवारी मळमळतं आणि जिभेला नाण्याची चव येते. शुक्रवारी काही नसतं. राग जात नाही. तिसऱ्या आठवड्यात ड्रायव्हरकाकांना मी स्वतः फोन केला, म्हटलं, चूक माझी होती, तुमच्या नंबराची नाही, आणि ते म्हणाले, "मामांनी सांगितलं. आता रस्ता सरळ आहे. तू मात्र अजून तिरकी बोलतेस," आणि मी फोनवरच त्यांच्याशी भांडले, की माफी मागताना माणूस आणखी कसं बोलणार. म्हणजे करवत शाबूत होती. फक्त भांडून झाल्यावर मी फोन हातात धरून बसून राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की मी दुसऱ्या कुणाला तरी फोन करायचा म्हणून धीर गोळा करतेय. थेंब तासाचे दोन तासांचे झाले, मग चार. धागे कमी झाले, एक मोठा राहिला, वाकड्या स्वल्पविरामासारखा, तो अजून आहे. बाहुली थोडी सुटली, खालची खाच राहिली. अकराव्या बुधवारी डॉक्टरबाईने तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. शेवटून दुसरी ओळ पुरी, शेवटच्या ओळीतली दोन चुकली. पूर्वी मी ती ओळ दारातून वाचली असती. तिने कागद दिला. मी तो तसाच मामाला नेऊन दिला आणि म्हटलं, निळं पाकीट घेऊन जाते, तासाभरात येते. मामाने ड्रॉवर स्वतः उघडून दिला.

भिंगचं घर दुसऱ्या मजल्यावर, दारावरची बेल खालून वर दाबावी लागते, तेव्हाच वाजते. माझ्या अंगठ्याला ते अजून माहीत होतं. तिनेच दार उघडलं. उंच झाली होती. हनुवटीवर एक पांढरी रेघ. डोळ्यावर नवा, पातळ फ्रेमचा चष्मा, आणि मला आधी तेच दिसलं, की उजवी काच थोडी सैल आहे. मी पाकीट पुढे केलं. तिने उघडलं, जुनी फ्रेम बाहेर काढली, फिरवून पाहिली. मी म्हटलं, "काच मी बसवलीय. दीड वर्ष झालं." तिने तिचा काढून तो घातला, माझ्याकडे पाहिलं. "धूसर आहे." "नंबर वाढला असेल तुझा." "हो." जिन्यात कुणाच्या तरी चपला खाली खाली जात होत्या, त्या संपेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी म्हटलं, "खिडकीतून मी ओरडले होते. हिनेच म्हणून." "माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा आवाज मला कळत नाही होय." "मग सांगितलं का नाहीस?" तिने जुना चष्मा काढला, दांड्या नीट मिटल्या. "मला वाटलं तू येशील. दुसऱ्या दिवशी. मग वाटलं रविवारी. मग मी सोडून दिलं." तिने मान पुढे काढली आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघितलं, लहानपणी वही बघायची तशी. "तुझ्या डोळ्याला काय झालंय? बाहुली अशी काय?" "मोठी गोष्ट आहे." "आत ये असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "अजून नाही." मी म्हटलं, नको म्हणूस. "काच सैल आहे तुझी. उजवी. पडेल. दुकानात ये." "तुमचं दुकान उघडतं कधी?" "नऊला. नंबर मामा काढतो." "आणि काच?" "काच मी."

ती चार दिवसांनी आली, मी धरूनच चालले होते की येणार नाही. मामाने नंबर काढला, उजवा डोळा, तिरका नंबर, कोन पंधरा. मामाने चिठ्ठी माझ्या चाकाजवळ ठेवली आणि मागे उभा राहिला नाही, पुढे जाऊन काउंटर पुसत बसला, आधीच स्वच्छ असलेलं. मी काच घेतली. फुगीर बाजूत बल्ब चमकला, थोडा टोचला, चालतंय. मी तोंडाने म्हटलं, मोठ्याने, फुगीर बाजू आपल्याकडे, खोलगट बाजू मशीनकडे. भिंग बाकावर बसून ऐकत होती, हसली नाही. तीन ठिपके. उजव्याने बघितले, मग डाव्याने, मग परत उजव्याने, कारण उजव्याचं आता डाव्याला विचारल्याशिवाय खरं धरायचं नाही, तो असाच राहणार. काठ घासला. पाणी काचेवरून खाली गेलं, पांढरं. फ्रेममध्ये बसवली, परत मशीनला लावली. पंधरा. तिला चष्मा दिला, कानामागे हात घालून वाक बघितला, आणि ती मागे सरकली नाही.

"कसं?"

"भिंतीवरचा तक्ता दिसतोय." तिने काउंटरची कड पाहिली, दाराची चौकट पाहिली. "सरळ आहे बहुतेक."

"इथून नाही कळत. पायरीवर कळतं."

आमच्या दुकानाला रस्त्यावर उतरायला एक पायरी आहे, उंच, सगळे तिथे अडखळतात. ती दारापर्यंत गेली, वळून मला "ये" किंवा "येते" असलं काही म्हणाली नाही. मी काउंटरच्या मागून पुढे आले. तिने पाऊल उचललं. मी डावा डोळा झाकला आणि उजव्याने बघितलं, स्वल्पविराम मध्येच तरंगत आला, मी त्याला बाजूला होऊ दिलं. पाऊल हवेत होतं. मग ते खाली आलं, चाचपलं नाही, आपटलं नाही, पायरी जिथे होती तिथेच पडलं.